झील आणि डिले : शब्दाला वाट देणाऱ्या प्रतिध्वनीचा इतिहास

१/ भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे आठवतात. परंतु याच तालुक्यातील आगरी गावांत लग्नाचे विधी गाऊन पार पाडणारी स्त्री असे : धवलारीण. तिचे धवले पोथीतून नव्हे, मुखातून मुखाकडे आले. अशा परंपरेत शब्द ऐकू आला नाही, तर तो केवळ अस्पष्ट राहत नाही. तो नाहीसा होतो. आवाज मोठा करायचा, पण शब्द बुडू द्यायचा नाही, हा प्रश्न म्हणूनच फार जुना आहे.

२/ इ.स. १६५७ पर्यंत कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडे होती. त्याच राजवटीच्या विजापुरात मुहम्मद आदिलशाहाची कबर, म्हणजे गोलघुमट उभा आहे. तेथील सज्जात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. मात्र दगडाला विवेक नसतो. बोलणाऱ्याचे वाक्य पूर्ण होण्याआधीच त्याचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर येऊन आदळतो. गोलघुमटात कुजबुज दूरवर पोहोचते. भाषण मात्र समजत नाही.

३/ कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांनी घेतली आणि दोनच वर्षांनी अफजलखानाचा वध झाला. त्यावरील अगिनदासाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतील सर्वांत जुन्यांपैकी एक मानला जातो. पोवाड्यात डफ-तुणतुण्याइतकाच महत्त्वाचा असतो झीलकरी. शाहीर गात असताना तो मागे असतो. शाहिराने चरण संपवून श्वास घेतला की तो चरणाचा शेवट उचलतो आणि ‘जी जी’ची झील धरतो. शाहीर पुन्हा सुरू झाला की तो मागे सरतो. हा प्रतिध्वनीच आहे, पण ऐकणारा, थांबणारा, वाट देणारा.

४/ ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच्या काळात प्रतिध्वनी मिळवण्यासाठी जागेचाच आधार घ्यावा लागे. ‘महल’ (१९४९) मधील ‘आएगा आनेवाला’ गाताना लता मंगेशकर खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या, ही हकिकत प्रसिद्ध आहे. दूरवरून जवळ येणाऱ्या आवाजाचा भास पावलांनी निर्माण केला गेला.

५/ पुढे ते काम फितीने हाती घेतले. टेप यंत्रात मुद्रण करणारे आणि वाचणारे हेड काही अंतरावर असतात. ते अंतर ५ सेंटिमीटर आणि फितीचा वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर असेल, तर आवाज सुमारे ०.१३ सेकंदाने पुन्हा ऐकू येतो. अमेरिकेतील मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांनी १९५४ च्या सुमारास ही युक्ती गाजवली. तिला डिले म्हणतात. पण फीतही गोलघुमटासारखीच होती : गायक गात असला तरी ती थांबत नसे.

६/ उत्तर सापडले ते साइडचेनमध्ये. येथे गायकाच्या आवाजाच्या दोन वाटा केल्या जातात. एक वाट श्रोत्याकडे जाते. दुसरी डिलेवर बसवलेल्या कॉम्प्रेसरला केवळ खूण करते. गाणे चालू असेपर्यंत कॉम्प्रेसर डिलेचा आवाज दाबून ठेवतो. ओळ संपली की पकड सुटते आणि प्रतिध्वनी मोकळ्या जागेत वर येतो. पकड फार लवकर सुटली तर दोन अक्षरांच्या फटीतूनही प्रतिध्वनी उसळतो. फार उशिरा सुटली तर तो वर येण्याआधीच विरून जातो. सारे कौशल्य या सुटण्याच्या वेळेत आहे.

७/ डेन्मार्कच्या टीसी इलेक्ट्रॉनिक कंपनीने १९८५ मध्ये टीसी २२९० या यंत्रातच ही सोय दिली. आज ती कोणत्याही संगणकावर करता येते. यंत्राने शिकलेली ही शिस्त झीलकऱ्याला मात्र शतकांपासून ठाऊक होती. फरक एवढाच, की यंत्र आवाजाची पातळी मोजते. झीलकरी शाहिराचा श्वास ओळखतो.

८/ म्हणून हा विषय केवळ तंत्राचा राहत नाही. हळदीच्या रात्री ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या राहतात, तेव्हा धवलारिणीचा आवाज त्यांच्यापुढे टिकत नाही. तिचे धवले मुद्रित करून त्यावर सरसकट प्रतिध्वनी चढवला, तर गाणे भव्य वाटेल, पण शब्द दुसऱ्यांदा हरवेल. आधी कोरा आवाज जतन करावा. मग प्रतिध्वनी द्यायचाच असेल, तर तो झीलकऱ्यासारखा द्यावा : ती गात असताना मागे राहणारा, आणि ती थांबल्यावरच पुढे येणारा.