पाच फूट पाच इंच

घरातील वडीलधारी माणसे पूर्वी दाराशी आलेल्याला पाहताच ‘किती वाळलास रे’ असे म्हणत, आणि त्या म्हणण्यात काळजी असे. रोडावणे, वाळणे, हडकणे, खंगणे, झिजणे हे अंगावरचे मांस कमी होण्यासाठी मराठीत असलेले जुने शब्द सारेच चिंतेचे आहेत. ‘बारीक झालास’ हे वाक्य मात्र गेल्या दोन-तीन पिढ्यांत हळूहळू अभिनंदनाकडे झुकले. जोवर वजन घटणे हीच मुळात धोक्याची खूण मानली जात होती, तोवर ‘कोठे थांबावयाचे’ हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारण नव्हते. घटणे हे उद्दिष्ट झाले, आणि त्याबरोबर थांबण्याचा प्रश्नही जन्माला आला.

तो कसा जन्मला हे पाहावयाचे तर 1860 नंतरच्या लंडनकडे वळावे लागते. त्या शहरात अवघ्या चार वर्षांच्या आत दोन माणसांची वजने कागदावर नोंदली गेली. एक साठी उलटलेला व्यापारी होता, दुसरी सतरा वर्षांची मुलगी. त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. दोघांची उंची मात्र एकच होती: पाच फूट पाच इंच.

व्यापाऱ्याचे नाव विल्यम बँटिंग. अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणे हा त्याच्या घराण्याचा व्यवसाय. 1852 मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या अंत्ययात्रेचे काम याच घराण्याकडे होते. ऑगस्ट 1862 मध्ये बँटिंगचे वजन 202 पौंड, म्हणजे सुमारे 92 किलो होते. त्याला वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे. गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून तो जिना उलट्या पावलांनी उतरे. ऐकूही कमी येऊ लागले होते. सकाळी नाव वल्हवणे, समुद्रस्नान, तुर्की स्नान असे बहुतेक उपाय करून झाले होते. वल्हवण्याने तर भूक वाढून तो अधिकच जाड झाला! अखेर कानाच्या तक्रारीसाठी तो विल्यम हार्वे या शल्यवैद्याकडे गेला. पॅरिसमध्ये क्लोद बेर्नारची मधुमेहावरील व्याख्याने ऐकून आलेल्या हार्वेने पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे या सहा गोष्टी बंद करावयास सांगितल्या. एका वर्षात 46 पौंड कमी झाले. 1863 साली बँटिंगने ‘लठ्ठपणाविषयी पत्र’ या अर्थाच्या नावाची एक पुस्तिका स्वखर्चाने छापली आणि प्रथम फुकट वाटली. ती इतकी गाजली की त्याच्या आडनावाचेच इंग्रजीत क्रियापद झाले, आणि स्वीडिश भाषेत तर वजन कमी करण्यासाठी ‘बांटा’ हाच शब्द आजही रूढ आहे.

बँटिंगच्या आहाराची चर्चा पुष्कळ झाली आहे. तो थांबला कसा, याची फारशी होत नाही. त्याने दिलेला तारीखवार तक्ता पाहिला तर ही घट आठवड्याला एका पौंडाहूनही कमी भरते. वर्षाअखेरीस त्याचे वजन 156 पौंड होते. जॉन हचिन्सन या वैद्याने उंचीनुसार सरासरी वजनांचा एक तक्ता केला होता आणि बँटिंगने तो आपल्या पुस्तिकेत छापला होता. त्यात पाच फूट पाच इंचांसमोर 142 पौंड हा आकडा आहे. म्हणजे समाधानाने लिहीत असताना बँटिंग सरासरीहून 14 पौंडांनी जडच होता. त्याच्या समाधानाची कारणे तक्त्यात नव्हतीच. जिना सरळ उतरता येऊ लागला, नाडी स्वतः बांधता येऊ लागली, कान सुधारले, हे तो पुनःपुन्हा सांगतो. त्याचे उद्दिष्ट काट्याबाहेरचे होते, आणि म्हणून ते पुरे होऊ शकत होते. नाडी एकदा बांधली गेली की बांधली गेली. काट्यावरच्या आकड्याखाली मात्र नेहमीच आणखी एक आकडा असतो. शिवाय तो स्वतःच्या मर्जीने चाललेला नव्हता. हार्वे शेजारी होता, आणि इतरांनीही वैद्याला विचारूनच हा मार्ग धरावा असे बँटिंगने बजावले आहे.

आता दुसरी व्यक्ती. 17 जानेवारी 1866 या दिवशी एका मुलीला विल्यम गल या नामांकित वैद्याकडे आणण्यात आले. गलच्या लेखात तिचे नाव केवळ ‘मिस ए’ एवढेच आहे. उंची पाच फूट पाच इंच, वजन 82 पौंड, म्हणजे सुमारे 37 किलो. तिचे 33 पौंड आधीच गेले होते. जवळपास वर्षभर मासिक पाळी बंद होती, नाडी मिनिटाला 56 ते 60 अशी मंद. फुप्फुसे तपासली, पोट तपासले. कोठेही रोग सापडेना. गलला सर्वांत चकित केले ते तिच्या हालचालीने. इतकी क्षीण झालेली मुलगी अंथरुणाला खिळावयास हवी होती. ती तर अस्वस्थपणे सतत हिंडती-फिरती होती, आणि आपल्याला काही झाले आहे हेच तिला मान्य नव्हते.

1873 मध्ये लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात गलने या विकाराला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग यानेही अशाच रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. साहित्याच्या अभ्यासकाने लासेगचा निबंध मुद्दाम वाचावा, कारण त्यात कादंबरीकाराची दृष्टी आहे. कुटुंब आधी विनवते, मग धमकावते, आणि आग्रह जितका वाढतो तितका नकारही वाढतो. ज्यावर लासेग विशेष बोट ठेवतो, ते म्हणजे रुग्णाचे स्वस्थ समाधान. मला त्रास होत नाही, अर्थात माझी प्रकृती उत्तम आहे, असा तिचा युक्तिवाद असतो. तो तर्काच्या कसोटीवर टिकतो. पण देह त्याच वेळी संपत चाललेला असतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बँटिंगची पुस्तिका वाचून लंडनच्या मुली उपाशी राहू लागल्या अशी सोपी कथा रचण्याचा मोह होतो. त्याला आधार नाही. सडपातळ होण्याची इच्छा वा लठ्ठपणाची भीती यांचा उल्लेख गलच्या निबंधात आढळत नाही. ती कारणे वैद्यकाने पुढे, विसाव्या शतकात, या विकाराशी जोडली. म्हणून या दोन कागदांमध्ये कार्यकारणभाव शोधू नये. तथापि ते शेजारी ठेवून वाचले की एक भेद उघड होतो. बँटिंगला ‘पुरे’ म्हणता आले. मिस ए-ला ते म्हणता येत नव्हते, आणि तिच्या वतीने ते दुसऱ्यांना म्हणावे लागले. खाण्याबाबत रुग्णाच्या इच्छेवर काहीच सोपवू नये, नेमक्या वेळांनी अन्न द्यावे, आणि शुश्रूषेसाठी नातेवाइकांपेक्षा परके माणूस बरे, असे गलचे मत होते. आज ते कठोर वाटते. मात्र मार्च 1868 पर्यंत मिस ए-चे वजन 128 पौंडांवर आले होते, आणि गलने तिची आधीची व नंतरची अशी दोन चित्रे निबंधासोबत छापली. दोन्ही चेहरे एकाच मुलीचे आहेत हे सांगितल्याखेरीज समजत नाही.

तिला ‘पुरे’ का म्हणता येत नव्हते? याचे एक उत्तर ऐंशी वर्षांनी, अगदी वेगळ्या ठिकाणी मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातील उपासमारीने ग्रासलेल्यांना पुन्हा अन्न कसे द्यावे, हा प्रश्न होता. मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने युद्धात भाग घेण्यास सद्सद्विवेकबुद्धीने नकार दिलेल्या 36 निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, प्रयोग केला. फेब्रुवारी 1945 पासून 24 आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवून सुमारे एक चतुर्थांश वजन घटवण्यात आले. यांपैकी कोणालाही बारीक व्हावयाचे नव्हते. तरीही त्यांची नाडी मंदावली, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजू लागली, ते चिडखोर आणि एकलकोंडे झाले. पाककृतींची पुस्तके जमवून ती वाचत बसण्याचा छंद काहींना जडला. आपण कृश झालो आहोत असे न वाटता इतर लोकच फार जाड आहेत असेही काहींना वाटू लागले. 1950 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कीजच्या दोन खंडी ग्रंथात याची सविस्तर नोंद आहे.

याचा अर्थ गंभीर आहे. ‘आता थांबावे’ हे ज्या बुद्धीने ठरवावयाचे, तीच बुद्धी उपासमारीने बदलते. तराजू ज्या हातात आहे तो हातच कापू लागतो. मिनेसोटातील तरुण वाचले, कारण थांबण्याचा दिवस त्यांची मने शाबूत असतानाच ठरला होता आणि तो पाळण्याची जबाबदारी दुसऱ्यांवर होती. ज्यांना हा विकारच जडला आहे त्यांचा निश्चय दुबळा नसतो, किंबहुना तो भयावह बळकट असतो. म्हणून ‘जरा मनावर घे’ असा उपदेश त्यांना करणे व्यर्थ ठरते.

आपल्याकडील जुन्या वैद्यकाला ही गोष्ट अपरिचित नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंद्य मानलेल्या आठ देहप्रकारांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोन्ही येतात. पुढच्याच अध्यायात लंघनाचा विचार आहे. लंघन म्हणजे देहाला हलकेपणा आणणारे सर्व उपचार; केवळ उपास नव्हे. तेथे लंघन पुरेसे झाल्याची आणि अति झाल्याची अशी लक्षणांची दोन स्वतंत्र वर्णने दिली आहेत. अंग हलके वाटणे, रुची येणे, भूक व तहान एकदमच जागणे, अंतरात्मा व्यथारहित असणे, ही पुरेसे झाल्याची चिन्हे. सांधे दुखणे, तोंडाला कोरड, डोळे व कान दुर्बल होणे, भूक नाहीशी होणे, मन संभ्रमित होणे, ही अतिरेकाची. भूक परतली की थांबावे आणि भूक मेली तर उशीर झाला, असा याचा सरळ अर्थ. भूक मारल्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या काळाने यावर क्षणभर विचार करावा. मनाचा संभ्रमही संहिताकाराने देहाच्या लक्षणांच्या पंक्तीतच बसवला आहे.

1972 मध्ये कीजनेच वजन आणि उंची यांच्या एका जुन्या गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे आज सर्वपरिचित नाव दिले. त्याची 18.5 ही खालची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी मान्य केली आहे. पाच फूट पाच इंचांना ती सुमारे 50 किलो होते. मिस ए त्याहून तेरा किलोंनी खाली होती. असा आकडा उपयोगी आहे, पण तो पुरेसा नाही. पाळी थांबणे, चक्कर येणे, सतत थंडी वाजणे, दिवसभर अन्नाचाच विचार घोळणे, या खुणा कोणत्याही आकड्याआधी दिसू शकतात. त्या दिसल्या की थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे. फार खंगलेल्या देहाला पुन्हा अन्न देणे हेही देखरेखीखालीच करावयाचे काम आहे.

दोन्ही कागद अखेर एकाच ठिकाणी आणून सोडतात. आरंभ करण्यापूर्वीच शेवट ठरवावा, तो शक्यतो काट्याबाहेरचा असावा, आणि तो दुसऱ्या कोणाला तरी सांगून ठेवावा. बँटिंगपाशी नाडी होती, जिना होता, हार्वे होता. मिस ए-चे दैव एवढेच की तिला कोणीतरी वेळेवर गलच्या दारी नेले. दाराशी उभे राहून ‘किती वाळलास रे’ म्हणणाऱ्या त्या वडीलधाऱ्या माणसाचे काम तेच होते. हल्ली आपण त्याच्यावर हसतो. पण आपल्याला स्वतःला जे दिसेनासे झालेले असते, ते त्याला दिसत असते.