'क्वीन मेरी': वेगासाठी बांधलेले जहाज

एखादे यंत्र ज्या कामासाठी बांधले, तेवढेच काम ते आयुष्यभर करते असे नाही. 'क्वीन मेरी' या ब्रिटिश प्रवासी जहाजाचा इतिहास या दृष्टीने पाहू.

स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे १९३० मध्ये त्याची बांधणी सुरू झाली. जागतिक मंदीमुळे काम दोन वर्षांहून अधिक काळ बंद पडले. सरकारी कर्ज मिळाल्यावर १९३४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. २७ मे १९३६ रोजी जहाज पहिल्या सफरीवर न्यूयॉर्ककडे निघाले. वेग सुमारे २८ नॉट, म्हणजे ताशी ५२ किलोमीटर. एवढा वेग कशाला? केवळ दोन जहाजांवर अटलांटिकची साप्ताहिक सेवा चालवायची होती. वेग हे वेळापत्रकाचे गणित होते.

दुसऱ्या महायुद्धात जहाजाला राखाडी रंग देऊन त्यातून सैनिक नेले जाऊ लागले. सुमारे दोन हजार प्रवाशांसाठी बांधलेल्या या जहाजात जुलै १९४३ च्या एका फेरीत १६,६८३ माणसे होती. जर्मन पाणबुडी पाण्याखाली जेमतेम सात-आठ नॉट वेगाने जाई. त्यामुळे 'क्वीन मेरी' ताफ्याविना, नागमोडी मार्गाने एकटीच समुद्र ओलांडत असे. व्यापारासाठी कमावलेला वेग आता तिचे संरक्षण झाला.

याच वेगाची दुसरी बाजूही लक्षात घ्या. २ ऑक्टोबर १९४२ रोजी आयर्लंडच्या उत्तरेस संरक्षणासाठी आलेली 'क्युरासोआ' ही जुनी, तुलनेने संथ युद्धनौका सरळ जात होती, तर 'क्वीन मेरी' नागमोडी. दुसरा बाजूला होईल, असे दोन्हीकडे गृहीत धरले गेले. धडकेत युद्धनौकेचे दोन तुकडे झाले आणि तीनशेहून अधिक नौसैनिक बुडाले. 'क्वीन मेरी' थांबली नाही. तिच्यावर दहा हजारांहून अधिक सैनिक होते आणि कुठेही थांबू नये असा हुकूम होता. पुढे न्यायालयाने दोन-तृतीयांश दोष नौदलाचा आणि एक-तृतीयांश जहाज कंपनीचा ठरवला.

१९४६ मध्ये सैनिकांच्या ब्रिटिश पत्नी व मुले तिने अमेरिकेत पोहोचवली. १९४७ पासून पुन्हा प्रवासी सेवा सुरू झाली. मात्र जेट विमान काही तासांत अटलांटिक ओलांडू लागल्यावर २८ नॉटचे महत्त्व संपले. १९६७ मध्ये निवृत्त झालेले हे जहाज कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे हॉटेल व संग्रहालय म्हणून उभे आहे.

आता विचार करा: त्या दिवशी थांबायला हवे होते का? उत्तर देताना जहाजावरची आणि पाण्यातली, दोन्हीकडची माणसे मोजा.