फ्रंट लोड वॉशिंग मशीनमधलं पाणी बाहेरच जात नाहीये? टेक्निशियनला बोलवण्याआधी हे तपासा

कपडे धुऊन झालेत, पण काचेतून पाणी तसंच दिसतंय. दार उघडत नाही आणि स्क्रीनवर काहीतरी कोड लुकलुकतोय. एलजीच्या मशीनवर 'ओई', सॅमसंगवर '5सी' किंवा '5ई', बॉशवर 'ई18' असं दिसत असेल, तर मशीन एकच गोष्ट सांगतंय: पाणी बाहेर टाकता येत नाहीये.

अशा वेळी बहुतेकांना पहिली शंका येते ती पंप जळाल्याची. पण अनेकदा पंप ठणठणीत असतो, फक्त त्याची वाट अडलेली असते. ती वाट मोकळी करायला ना पाना लागतो ना नवीन पार्ट. लागतं ते एक ताट, जुना टॉवेल आणि थोडा धीर.

आधी खात्री करा, बिघाड नक्की पाण्याचाच आहे का?

ड्रममध्ये पाणी दिसत नाही, पण कपडे ओलेगच्च निघाले, तर तो वेगळा विषय आहे. एकच जाड चादर किंवा एकटी जीन्स टाकली की वजन एका बाजूला जातं आणि मशीन जोरात फिरायचं टाळतं. एलजीवर तेव्हा 'यूई' असा कोड येतो. दोन-चार कपडे आणखी टाकून पुन्हा स्पिन लावा.

काही मॉडेलमध्ये 'रिन्स होल्ड' नावाचा पर्याय असतो. तो चुकून दाबला गेला, तर मशीन पाणी मुद्दाम धरून ठेवतं. तेव्हा नुसतं 'ड्रेन' किंवा 'स्पिन' लावून बघा.

मशीनचा आवाज ऐका

सेमी ऑटोमॅटिक मशीनमध्ये नॉब फिरवला की पाणी उतारानं खाली जातं. म्हणून तिथे पाइप जमिनीवर टाकायचीच पद्धत आहे. फ्रंट लोडमध्ये तसं नाही. पाणी तळाशी जमतं आणि तिथला छोटा पंप ते पाइपमधून वर ढकलतो. त्यामुळे ड्रेन सुरू असताना येणारा आवाज बरंच काही सांगतो.

घुर्रर्र आवाज येतोय पण पाणी हलत नाही, तर वाट अडली आहे किंवा पंपाच्या पात्यात काहीतरी अडकलंय. पाणी जातंय पण अगदी हळू, तर पाइप किंवा मोरीकडे बघा. आवाजच नाही, तर पंपाचं कॉइल किंवा वायरिंग गेलं असण्याची शक्यता जास्त. ते आपलं काम नाही.

फुकटातली तपासणी: पाइप आणि मोरी

मशीन भिंतीला टेकून पाइप चेपला गेलाय का, ते बघा. साफसफाईसाठी मशीन सरकवलं की हे हमखास होतं. मग बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये एक बादली पाणी ओता. तेच तुंबलं, तर मशीन निर्दोष आहे. जाळीखाली केस आणि कपड्यांचे धागे साचलेत.

मशीनच्या पाठीवर वरच्या बाजूला ज्या क्लिपमध्ये पाइप अडकवलेला असतो, तिथून तो काढू नका. पाइप सुरुवातीपासून जमिनीवर लोळला, तर उलटाच त्रास होतो. पाणी भरताभरताच निघून जातं आणि मशीन भरतच राहतं. किती उंची हवी, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बऱ्याच मॉडेलना ती एक मीटरच्या आत लागते.

खरा गुन्हेगार: फिल्टर

मशीनच्या पुढच्या बाजूला, खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं. त्यामागे ड्रेन फिल्टर असतो. खिशातली नाणी, सेफ्टी पिना, साडीपिना, बटणं, बाळाचे मोजे, ब्रामधली तार, विरघळलेला टिश्यू पेपर असं सगळं पंपापर्यंत पोहोचू नये म्हणून तो तिथे असतो. कित्येक घरांत मशीन आल्यापासून तो एकदाही उघडलेला नसतो.

इथे घाई करू नका. आधी मशीन बंद करून प्लग काढा. गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला होता, तर पाणी निवू द्या. 60 किंवा 90 अंशांवर धुतलेलं पाणी हातावर आलं, तर चटका नव्हे, भाजणंच आहे.

फिल्टरशेजारी बऱ्याच मॉडेलमध्ये बूच लावलेली एक बारीक नळी असते. ती बाहेर ओढा, खाली पसरट ताट किंवा ट्रे ठेवा आणि बूच काढा. भांडं भरत आलं की बूच लावायचं, पाणी ओतायचं, पुन्हा सुरुवात. ड्रम अर्धा भरलेला असेल तर हे बऱ्याच वेळा करावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण ही पायरी गाळून थेट फिल्टर उघडला, तर ते सगळं पाणी एकदम घरात येईल. तुमच्या मॉडेलमध्ये नळी नसेल, तर फिल्टर थोडासाच सैल करा आणि पाणी टॉवेल-ट्रेवर हळूहळू येऊ द्या.

पाणी थांबलं की फिल्टर डावीकडे फिरवून पूर्ण काढा, नळाखाली जुन्या टूथब्रशनं घासा. मग मोबाइलचा टॉर्च लावून आतल्या पोकळीत बघा. तिथे पंपाचं छोटं पातं दिसेल. लाकडी काडीनं ते हळूच फिरवा. ते सलग न फिरता झटके देत, अडखळत फिरलं तर घाबरू नका. मोटरमध्ये चुंबक असतं, त्यामुळे ते तसंच फिरतं. अजिबात फिरत नसेल, तर धागा, केस किंवा पिन गुंडाळली गेली आहे का ते बघा.

फिल्टर घट्ट बसवा, नळीचं बूच लावा आणि रिकाम्या मशीनवर 'रिन्स' आणि 'स्पिन' चालवून झाकणाखाली ओल येते का ते तपासा. पाणी उतरून वीज सुरू झाली की बहुतेक मशीनचं दार दोन-तीन मिनिटांत आपोआप सुटतं. ते ताकद लावून ओढू नका. लॉक तुटलं तर दुरुस्तीचा आणखी एक खर्च वाढेल.

फेसही पाणी अडवतो

हातानं कपडे धुण्याची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकली की भरपूर फेस होतो. पंप पाणी ढकलू शकतो. फेस, म्हणजे जवळपास हवाच, त्याला नीट ढकलता येत नाही. थोडा वेळ मशीन बंद ठेवून फेस बसू द्या आणि पुन्हा ड्रेन लावा. पुढच्या वेळी फ्रंट लोडचं डिटर्जंट वापरा, तेही मापानं. तुंबलेली मोरी उघडायचं केमिकल मात्र ड्रममध्ये कधीच टाकू नका. त्यानं रबर खराब होतं.

टेक्निशियन कधी बोलवायचा?

एमसीबी पडत असेल, जळका वास येत असेल, पंपाचा आवाजच नसेल किंवा सगळं साफ करूनही तोच कोड परत येत असेल, तर थांबा. मागचं पॅनल स्वतः उघडू नका, विशेषतः वॉरंटी सुरू असताना. फिल्टर साफ करणं हे मॅन्युअलमध्येच दिलेलं ग्राहकाचं काम आहे, त्याची भीती नको.

फोनवरच सांगा की पाइप, मोरी आणि फिल्टर तपासून झालंय, आणि पंपाचा आवाज येतो की नाही. 'पीसीबी गेलाय' असं उत्तर मिळालं, तर आधी पंप तपासून दाखवायला सांगा. पार्ट बदलला, तर जुना पार्ट मागून घ्या आणि बिलावर नव्या पार्टचं नाव लिहून घ्या.