बारगीर आणि शिलेदार

१६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटल्यावर शिवाजी महाराजांची फौज वऱ्हाडात उतरली आणि आजच्या वाशिम जिल्ह्यातलं श्रीमंत कारंजा तिने लुटलं. मराठ्यांच्या या फौजेत घोडेस्वार दोन तऱ्हेचे. शिलेदार घोडा आणि हत्यार पदरचं आणी. त्याच्या नावात अरबी ‘सिलाह’ म्हणजे हत्यार आहे. बारगिराला दोन्ही सरकारातून मिळत. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझं, ‘गीर’ म्हणजे घेणारा. शब्दार्थाने हा चक्क भारवाहू! अशा पंचवीस जणांवर एक हवालदार. महाराजांची भिस्त मात्र बारगिरांवरच. घोडा सरकारचा, की स्वारही सरकारचा.

युरोपातही स्वारांत असाच भेद होता: ‘नाइट बॅचलर’ दुसऱ्याच्या निशाणाखाली लढे, ‘बॅनरेट’ स्वतःचं निशाण मिरवी. खुद्द ‘नाइट’चा जुना अर्थ मात्र पोरगा, चाकर.

१७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर गेल्या, तेव्हा तिथे बारगिराचा ‘बर्गी’ झाला आणि लेकरांच्या अंगाईत जाऊन बसला. मराठीत तो मागे पडला. निवडणुकीच्या बातम्यांत दिसतात ते सगळे ‘शिलेदार’च, घोडा कुणाचा का असेना.