हररची फौजी शाळा आणि नशिराबादचा एक उमेदवार

माझा भाचा एनडीएची लेखी परीक्षा पास झाला, तेव्हापासून आमच्या घरात मुलाखतीची तयारी चालू होती. जळगावहून आणलेल्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात डोकं घालून तो ओट्यावर बसायचा. एका संध्याकाळी त्याने विचारलं, "मामू, खडकवासल्याच्या इमारतीला सुदान ब्लॉक का म्हणतात? सुदान तर आफ्रिकेत आहे ना?"

मला उत्तर येत नव्हतं. चार पुस्तकं चाळल्यावर सापडलं ते असं. दुसऱ्या महायुद्धात सुदान आणि पूर्व आफ्रिकेत इटालियन फौजेशी लढताना हिंदी सैनिक मोठ्या संख्येने पडले. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इरिट्रियातल्या केरनच्या डोंगरांवर चौथी आणि पाचवी हिंदी डिव्हिजन लढली. त्यात मराठा पलटणीचे जवान होते, पंजाबी मुसलमान होते, शीख होते, गढवाली होते. त्या बलिदानाची आठवण म्हणून सुदान सरकारने एक लाख पौंड दिले. फाळणीत त्या पैशाचीही वाटणी झाली. सत्तर हजार भारताला, तीस हजार पाकिस्तानला. आपल्या वाट्यातून खडकवासल्याची मुख्य इमारत उभी राहिली आणि ३० मे १९५९ रोजी सुदानचे राजदूत रहमतुल्ला अब्दुल्ला यांनी तिचं उद्घाटन केलं.

हे सांगितल्यावर माझी आई जपमाळ खाली ठेवून म्हणाली, "मग त्यात आपले पण होते म्हणायचं." आईचा सवाल पहिल्या दिवसापासून एकच आहे, फौजेत आपल्यातल्या पोराला साहेब करतात का? अशा वेळी आम्ही ब्रिगेडियर उस्मान आणि अब्दुल हमीद ही दोन नावं सांगतो आणि थांबतो. दोन्ही नावं खरी आहेत, मोठी आहेत. पण दोघेही शहीद झालेले. आईला नातू शहीद नको आहे, साहेब हवा आहे.

सुदानच्या मागोमाग मी वाचत गेलो आणि शेजारच्या इथिओपियात, हरर नावाच्या शहरात पोचलो. जुन्या मुसलमानांच्या बोलीत हा मुलूख म्हणजे हबश. मक्केतला छळ असह्य झाला तेव्हा इ.स. ६१५ च्या सुमारास पहिल्या मुसलमानांनी तिथल्याच ख्रिस्ती राजाकडे आसरा घेतला, हे आपल्या मकतबातल्या पोरालाही ठाऊक असतं. हरर ही त्या मुलखातली मुसलमानांची जुनी नगरी. सोळाव्या शतकात अमीर नूरने बांधलेला कोट आजही उभा आहे आणि त्या कोटाच्या आत ८२ मशिदी मोजतात. १८८७ मध्ये मेनेलिकने हरर जिंकलं. मशिदीच्या जागी चर्च उभं राहिलं, अमिरात संपली. पुढे सम्राट झालेला हैले सेलासी १८९२ मध्ये या शहराजवळच जन्मला आणि त्याचा बाप या प्रांताचा सुभेदार होता. १९४८ मध्ये हररी मुसलमानांनी आपली गाऱ्हाणी मांडायचा प्रयत्न केला तेव्हा याच सम्राटाच्या राज्यात त्यांची धरपकड झाली.

अशा शहरात सम्राटाने फौजी अधिकाऱ्यांची शाळा काढली आणि ती चालवायला भारताला बोलावलं. कारण व्यवहारी होतं. एकाच बड्या देशाच्या मुठीत फौज जाऊ नये म्हणून त्याने विमानदल स्वीडनकडे दिलं, आरमार नॉर्वेकडे, हत्यारं अमेरिकेकडून घेतली. १९५६ मध्ये तो भारतात येऊन गेला आणि पुढच्याच वर्षी भारतीय अधिकाऱ्यांची तुकडी हररला पोचली. ब्रिगेडियर एन. सी. रावले हे पहिले कमांडंट. हेच रावले १९६२ मध्ये चीनच्या लढाईत वालाँगला ११ व्या ब्रिगेडचे प्रमुख होते. त्या युद्धात जी काही इभ्रत राहिली त्यात वालाँगचं नाव घेतात.

शिक्षण तीन वर्षांचं, धाटणी डेहराडूनची. पहाटेची कवायत, नकाशा वाचणं, डोंगरावर पलटण चढवणं, शिवाय गणित, इतिहास, इंग्रजी. ज्या देशात तोवर सरदार घराण्यात जन्मणं हीच पुढारपणाची सनद होती, तिथे वीस वर्षांच्या पोराला सांगितलं जात होतं की आधी जवानाचं जेवण, मग तुझं. ही काही लहान गोष्ट नव्हती.

इथे मला मलिक अंबर आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडे हबशी हा शब्द शिवीसारखा वापरतात, काळ्या दांडगट माणसासाठी, आणि मुसलमानही वापरतात. वापरणाऱ्याला माहीत नसतं की खानदेशाच्या वेशीवर मोगलांना ज्याने घाम फोडला तो एक हबशीच होता. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, अहमदनगरच्या निजामशाहीत वजीर चंगेजखानाने विकत घेतलेला. चंगेजखान स्वतःही हबशीच. त्याच्या पदरी अंबर कारभार शिकला, लढाई शिकला. पुढे त्याने मराठा बारगीरांना हाताशी धरून गनिमी काव्याची फौज उभी केली. १६२० मध्ये त्याच्या घोडदळाने मोगलांना तापीपार रेटत थेट बुऱ्हाणपुरात कोंडलं. नशिराबादहून बुऱ्हाणपूर किती, रेल्वेने दोन तासही नाही. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. म्हणजे हबशातला माणूस दख्खनमध्ये येऊन मराठ्यांना लढाई शिकवून गेला आणि साडेतीनशे वर्षांनी आपली माणसं हबशात जाऊन शिकवू लागली. कुणी कुणाचं देणं फेडलं असं मी म्हणत नाही, इतिहासात असले हिशेब नसतात. पण अंबरची कबर खुलताबादला आहे, औरंगजेबाच्या कबरीला गेलेले आमचे लोक शेजारच्या या कबरीकडे वळतही नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

हररच्या शाळेचं पुढे काय झालं? १९७४ मध्ये फौजेनेच सम्राटाला गादीवरून खाली ओढलं. नंतर हुकूमशहा झालेला मेजर मेंगिस्टू हररला तळ असलेल्या तिसऱ्या डिव्हिजनचा प्रतिनिधी म्हणून राजधानीत गेला होता. तो हररच्या शाळेत शिकलेला नव्हता, होलेताच्या दुसऱ्या शाळेतला होता. पण शाळा कुठलीही असो, त्या राज्यात सैनिकाने शेवटी कुणाचं ऐकायचं याचं उत्तर 'सम्राट' एवढंच होतं, आणि सम्राटाचा धाक गेल्यावर ते उत्तरही गेलं. १९७७ मध्ये सोमालियाची फौज हररच्या तोंडाशी आली आणि शाळा बंद पडली. आपले उस्ताद कवायत नेऊ शकत होते, नकाशे नेऊ शकत होते. संसद आणि राज्यघटना काही पेटीत घालून नेता येत नाही.

नायजेरियातली कथाही अशीच. १९६४ मध्ये कदुनाची डिफेन्स अकादमी सुरू झाली तिचे पहिले कमांडंट भारताचेच, ब्रिगेडियर एम. आर. वर्मा. दोन वर्षं होत नाहीत तोच, जानेवारी १९६६ मध्ये, त्याच कदुनात उत्तर नायजेरियाचे मुसलमान मुख्यमंत्री सर अहमदू बेलो यांना त्यांच्या घरात मारण्यात आलं. मारणारा मेजर न्झेग्वू हा शहरातल्या दुसऱ्या एका फौजी प्रशिक्षण संस्थेत मुख्य शिक्षक होता. रात्रीच्या सरावाच्या नावाखाली त्याने जवान बाहेर काढले होते. जवानांनी हुकूम मानला, कारण हुकूम मानायलाच त्यांना शिकवलं होतं.

आणि त्याच फौजेतला ओबासांजो. १९६५ मध्ये तो भारतात वेलिंग्टनला आणि आपल्या पुण्याजवळ खडकीला शिकून गेला. पुढे योगायोगाने सत्ता हातात आली, तेव्हा १९७९ मध्ये त्याने निवडणूक घेऊन ती निवडून आलेल्या शेहू शगारी यांच्या हवाली केली. तोवर तिथल्या एकाही लष्करी सत्ताधाऱ्याने हे केलं नव्हतं. हे तो खडकीत शिकला असं म्हणायला मी धजणार नाही. तिथे पूल बांधणं आणि सुरुंग काढणं शिकवतात.

भाच्याला हे सगळं मी टप्प्याटप्प्याने सांगत होतो. मुलाखतीत अधिकाऱ्याचे पंधरा गुण तपासतात म्हणे. त्याची यादी त्याने भिंतीवर चिकटवली होती. एकदा त्याने मेंगिस्टूला त्या यादीवर मोजून पाहिलं. जिगर, निर्णयशक्ती, माणसं हाताळणं. "मामू, हा तर बहुतेक सगळ्यात पास होतो." मी गप्प राहिलो. मग त्यानेच यादीतल्या 'जबाबदारीची जाणीव' या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "कुणाशी जबाबदारी, हे इथे कुठे लिहिलंय?"

भोपाळच्या मुलाखतीला तो भुसावळहून गाडीत बसला. आईने डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला होता, बाजूला बसून काहीतरी पढून त्याच्यावर फुंकर मारली. पहाटे त्याचा मेसेज आला. "बुऱ्हाणपूर गेलं. अंधार होता, काही दिसलं नाही."