रेडियम डायल

रेडियम डायल : आकडे व काटे अंधारात दिसावेत म्हणून चमकता लेप दिलेली घड्याळाची किंवा मापकाची तबकडी. अशा तबकड्या जुन्या जहाजांवरही असत. मुंबईत रे रोड स्थानकाजवळ दारूखान्यात अशी जहाजे तोडली जातात. १९४५ साली जलावतरण झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका २०१४ पासून इथेच तोडली गेली. त्या पिढीच्या जहाजांवरील घड्याळांना आणि मापकांना रेडियमचा लेप देण्याचा प्रघात होता.

लेपात जस्ताचे सल्फाइड, त्यात तांब्याचा अंश, किंचित रेडियम आणि हे सारे धरून ठेवणारे रोगण असे. रेडियममधून सुटणारे अल्फा कण सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळले की प्रकाश पडतो. पण त्याच माऱ्याने स्फटिक मोडत जातात, चमक मंदावते आणि काही दशकांत जवळजवळ विझते. रेडियम-२२६ चा अर्धायुकाल मात्र सुमारे १६०० वर्षे. त्यामुळे डायल चमकत नाही म्हणजे रेडियम संपले, असे समजणे चूक.

रोगणही किरणोत्साराने व हवेने जुने होते : आधी पिवळट, मग तपकिरी, शेवटी ठिसूळ. पावसाळ्यात घड्याळाच्या केसमध्ये दमट हवा शिरली तर लेपावर काळे ठिपके धरतात, पापुद्रे सुटतात. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या घड्याळात काटे जिथे थांबले असतील तिथे, बरोबर त्यांच्याच आकाराचा, तपकिरी डाग डायलवर उमटतो.

१९६० च्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. त्याचा अर्धायुकाल १२.३ वर्षे. ट्रिटियमची खूण म्हणून स्विस डायलच्या तळाशी ‘टी’ हे अक्षर दिसते. हा लेपही पिवळा पडतो. १९९० च्या दशकापासून वापरात आलेले स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट किरणोत्सारी नाही. उजेड पिऊन ते नंतर चमकते.

जुन्या डायलवर नवा रंग चढवून घड्याळे विकण्याचा धंदा मुंबईत मोठा आहे. परदेशी संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात, आणि ते अगदीच अन्यायाचे नाही : डायल लखलखते, पण वयाचा पुरावा जातो. खरा धोका मात्र जुना लेप खरवडण्यात आहे. अल्फा कण काचेपलीकडे जात नाहीत; उडालेली भुकटी मात्र श्वासावाटे शरीरात जाते, आणि शरीर रेडियमला कॅल्शियमसारखे वागवून हाडांत साठवते. अमेरिकेत न्यू जर्सीत १९२० च्या सुमारास डायल रंगवणाऱ्या मुलींना कुंचल्याचे टोक ओठांनी साधायला शिकवले जाई. त्यांतील अनेकींचे जबडे कुजले, काही जणी दगावल्या.