घर राखलं म्हणून

आरे कॉलनीतल्या आमच्या घरी दारामागच्या खिळ्याला कालनिर्णय असतं आणि त्यावर दोन रंगांच्या खुणा असतात. भाऊ घरी असला की आई त्या तारखेभोवती निळा गोल काढते. त्याच तारखेखाली मी लाल रेघ ओढते. आईचा हिशेब तो आल्या दिवशी सुरू होतो आणि निघाल्या दिवशी संपतो. माझा १ एप्रिलला सुरू होतो आणि ३१ मार्चला संपतो.

भाऊ परदेशी झेंड्याच्या मालवाहू जहाजावर इंजिनीअर आहे. आमचे वडील आरेच्या डेअरीत, बाटल्या धुण्याच्या खात्यात होते. मस्टरवर सही नसली की खाडा, आणि खाडा पडला की पगार कापला. हजर असण्याचेच पैसे मिळतात हे ज्या घरात मुरलेलं, तिथे आता गैरहजेरी मोजली जाते. भावाचा वर्षातला इथला मुक्काम १८१ दिवसांवर थांबला तर जहाजावरचा पगार भारताच्या करातून सुटतो. १८२ झाले की जगात कुठेही कमावलेला रुपया इथल्या हिशेबात येऊ शकतो. जहाजावरची मुलं याला ‘एनआरआय टाइम’ म्हणतात. फोनवर पहिला प्रश्न तोच असतो, टाइम झाला का? टाइम म्हणजे साध्या वर्षात १८४ दिवस बाहेर, लीप वर्षात १८५.

हा आकडा आला कुठून?

हिंदुस्थानात प्राप्तिकर आला १८६० साली. सत्तावनच्या उठावानंतर रिती झालेली तिजोरी भरायला जेम्स विल्सनने तो आणला. पुढे कित्येक दशकं माणूस कुठे राहतो यापेक्षा पैसा कुठे उगवला आणि कुठे पोचला याला महत्त्व होतं. १९२२ च्या कायद्यातही बाहेरची कमाई ब्रिटिश हिंदुस्थानात आणली तर कर, नाही तर नाही, असाच साधारण कारभार होता. या ‘बाहेर’मध्ये लंडन होतं, तसं बडोदं आणि कोल्हापूरही होतं. संस्थानी मुलखात ठेवलेला पैसा करापुरता परदेशातच असे. १९३६ च्या चौकशी अहवालाने ही फट दाखवली आणि १९३९ च्या दुरुस्तीने रहिवासाची कसोटी आणली. वर्षात १८२ दिवस इथे असाल तर तुम्ही इथले. सहा महिन्यांचं हे माप ब्रिटनमधलं. तिथल्या १८४२ च्या प्राप्तिकर कायद्यात तात्पुरत्या आलेल्या पाहुण्यासाठी ते होतं.

त्या दुरुस्तीतलं एक पोटकलम मी पुन्हा पुन्हा वाचलं. एखाद्याने वर्षात १८२ दिवस इथे घर राखलं असेल, किंवा त्याच्यासाठी कुणी राखलं असेल, आणि तो वर्षभरात थोडा वेळ जरी येऊन गेला असेल, तरी तो रहिवासी. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मलबार हिलवरचे नोकरचाकरांनी सांभाळलेले बंगले असावेत असं मला वाटतं. १९६१ च्या नव्या कायद्यातही ते राहिलं. फक्त वर्षात किमान ३० दिवस इथे असण्याची अट आली.

मग १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आणि खेड, दापोली, श्रीवर्धनची माणसं आखातात निघाली. फिटर, वेल्डर, ड्रायव्हर. त्यांच्यासाठी घर कोण राखत होतं? बायको आणि आई. पावसाआधी कौलं चाळून घ्यायची, अंगण सारवायचं, दिवा लावायचा. महिन्याभराची रजा घेऊन गडी गावी आला की कायद्याच्या भाषेत ‘त्याच्यासाठी राखलेल्या घरात’ आलेला रहिवासी ठरू शकत होता. आईने चूल पेटती ठेवली हीच त्याच्या रहिवासाची खूण. १९८२ च्या वित्त कायद्याने हे पोटकलम काढून टाकलं. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला आणखीही एक मोकळीक त्याच वेळी मिळाली. मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे काढलेल्याला यंदाचे ६० दिवसही भोवत असत. नोकरीसाठी निघालेल्यापुरते त्या ६० चे १८२ झाले. पुढे भारतीय जहाजांवरचे खलाशीही त्यात आले. एवढ्या मोठ्या न्यायाबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं गेलं आहे.

अमेरिकेचा रस्ता वेगळा. ती नागरिकाचा पाठलाग जगभर करते आणि मग सूट देते. १९२६ पासून तिथे परदेशातली कमाई वगळण्याची तरतूद आहे. आज त्यातली एक कसोटी सलग बारा महिन्यांत ३३० दिवस बाहेर असण्याची, आणि २०२५ साठी मर्यादा १,३०,००० डॉलरची होती. अमेरिकन नागरिकत्व घेऊन पुण्यात नोकरीला परतलेल्या मराठी माणसालाही तिथलं विवरणपत्र चुकत नाही.

आपल्याकडे दिवसांचा पुरावा म्हणजे शिक्का. भावाची सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, मी हातात घेतली आहे. निळसर पानांवर जहाजाचं नाव, साइन ऑनची तारीख, साइन ऑफची तारीख, कप्तानाची सही. भारतातून परदेशी फेरीला निघणाऱ्या जहाजांसाठी २०१५ साली नियम १२६ आला, आणि याच दोन तारखांमधला काळ देशाबाहेरचा धरायचं ठरलं. २०१७ च्या परिपत्रकाने आणखी एक धास्ती संपवली. परदेशी जहाजावरचा अनिवासी खलाशाचा पगार इथल्या एनआरई (अनिवासींसाठीच्या) खात्यात जमा झाला, एवढ्यानेच तो करपात्र होत नाही.

पण आर्थिक वर्ष समुद्राला ठाऊक नसतं. १० जानेवारीला चढून ९ जुलैला उतरलात तर १८१ दिवस जहाजावर जातात. मार्चअखेरपर्यंत ८१, पुढच्या वर्षात १००. या एका करारावर कुठलंच वर्ष भरत नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारात भाऊ घरी थांबला, ते वर्ष १९७ दिवसांचं झालं. त्याने कर भरला, कुरकुर केली नाही. दिवस मोजण्याची कसोटी मला पटते, कारण ती गरीब खलाशाला आणि मोठ्या साहेबाला एकच फूटपट्टी लावते. तरी बापाच्या उशाशी काढलेले दिवस आणि सुट्टीतले दिवस तिला सारखेच दिसतात, हे मनात सलतं.

२०२० च्या अर्थसंकल्पाने कुठेच कर न भरणाऱ्या नागरिकाला रहिवासी मानायचं सुचवलं, तेव्हा आखातापासून जहाजांपर्यंत सगळे धास्तावले. दुसऱ्याच दिवशी सरकारचा खुलासा आला. अखेर ते कलम बाहेरची कमाई सोडून १५ लाखांहून जास्त उत्पन्न असलेल्यांपुरतं उरलं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही १८२ तसाच आहे.

शिमगा नेमका आर्थिक वर्षाच्या टोकाला येतो, लाल रेघा संपत आलेल्या असताना. मागच्या खेपेला गावची पालखी दारात यायला चार दिवस होते आणि माझी बेरीज १७८ झाली होती. मी ती मोठ्याने वाचली. आईने काही न बोलता पुरणाची डाळ त्याच संध्याकाळी शिजत घातली. भाऊ दुसऱ्या दिवशी पहाटे निघाला तेव्हा डबा अजून कोमट होता.